आयसीयूच्या दाराबाहेर: डॉक्टरांना विचारायचं तरी कसं?

पत्र:

"माझे वडील ७२ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गेली काही वर्षं त्यांना पार्किन्सन आहे. फलटणला न्यूमोनिया झाला, तिथून पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आणलं. आज नववा दिवस, व्हेंटिलेटरवर आहेत. (त्यांचं ऐकण्याचं मशीन आणि कवळी माझ्याच पर्समध्ये आहे, हरवायला नको म्हणून सिस्टरांनी काढून दिली.) झोपेचं औषध कमी केलं तरी 'हात दाबा' म्हटलं की बाबा काहीच करत नाहीत, असं डॉक्टर सांगतात. रोज वेगळेच डॉक्टर भेटतात. काल गळ्याला भोक पाडून नळी टाकायच्या कागदावर सही मागितली, मी अजून केलेली नाही. बाबा नेहमी म्हणायचे, मला नळ्या लावून ठेवू नका. आई म्हणते, गप्प बस, आपला माणूस त्यांच्या हातात आहे. भाऊ जर्मनीत. तो रोज फोनवर नवे प्रश्न देतो आणि मी ते विचारले नाहीत की चिडतो. चुलतभाऊ म्हणतो, कार्यकर्ते घेऊन येतो, मग बघ कसे नीट बोलतात. भावाच्या कंपनीचा विमा ३ लाखांचा, तो संपत आलाय. मी फार प्रश्न विचारले आणि त्यांनी बाबांवर राग काढला तर?"

– एक लेक, चिंचवड

प्रिय ताई,

पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे. ऐकण्याचं मशीन तुमच्या पर्समध्ये आहे, आणि पुढच्याच ओळीत डॉक्टर म्हणतात की सांगितलेलं करत नाहीत. ऐकूच येत नसेल तर करतील कसे? कमी ऐकू येणारा माणूस अर्धंअधिक बोलणं समोरच्याच्या ओठांकडे बघून ओळखत असतो. इथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क, डोक्याशी मॉनिटरची टिकटिक, शेजारच्या बेडचा अलार्म, आणि त्यात कोणीतरी म्हणतं, "आजोबा, हात दाबा." आजोबांनी ओळखायचं काय?

हेच एकमेव कारण आहे, असं मी म्हणत नाही. इतकं आजारी माणूस इतर अनेक कारणांनीही गुंगीत राहतं. पण पेशंट सूचना पाळतो की नाही, यावर व्हेंटिलेटर काढायचा निर्णय काही अंशी अवलंबून असतो. त्यामुळे उद्या सकाळी मशीनची बॅटरी बदला आणि ते आत द्या. डबीवर नाव आणि बेड नंबर लिहा. सिस्टरांना सांगा, "डावा कान बरा आहे, त्या बाजूने मोठ्यानं बोला" (जो कान असेल तो). चष्मा असेल तर तोही द्या. कवळी मात्र तोंडात नळी असेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.

दुसरी गोष्ट तुम्ही एका शब्दात उरकली आहे: पार्किन्सन. घरी बाबांच्या गोळीच्या वेळा ठरलेल्या असणार. सिंडोपा किंवा तसलीच गोळी सकाळी ६ ला, १० ला, २ ला, ६ ला, अशी. उशीर झाला की बाबा कसे ताठ होतात, हे तुमच्या आईला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहे. रुग्णालयातली औषधं मात्र रुग्णालयाच्या वेळापत्रकाने जातात. चार्टवर 'दिवसातून तीन वेळा' लिहिलं की ती तिथल्या ठरलेल्या वेळांना मिळते, आणि धावपळीच्या पहिल्या दोन दिवसांत कधी लिहायचीच राहून जाते. गोळी चुकलेला पार्किन्सनचा माणूस दिसतो कसा? चेहरा कोरा, हात जड, हाक मारली तरी हालचाल नाही. त्याला ओळखत नसलेल्या डॉक्टरला वाटतं, पेशंट प्रतिसाद देत नाही.

म्हणून विचारा: "बाबांची पार्किन्सनची गोळी चालू आहे ना? कोणत्या वेळांना? नळीतून देताय ना?" नाकातल्या नळीतून ती देता येते, पण हळूहळू विरघळणारी जी गोळी असते ती कुटायची नसते. त्यामुळे घरी नेमकी कोणती चालू होती, ती स्ट्रिपच नेऊन दाखवा. प्रोटीन जास्त असलेला फीड (नळीतून देतात ते पातळ अन्न) त्याच वेळी दिला तर या गोळीचा असर कमी होतो, तेही विचारून घ्या. आणि उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड किंवा गडबड करणाऱ्या पेशंटला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉल, या दोन्ही औषधांनी पार्किन्सन बळावतो. ती चालू नाहीत ना, एवढंच विचारा. औषध बदला, असं सांगायला आपण डॉक्टर नाही. पण नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टांशी आयसीयूच्या डॉक्टरांचं एकदा फोनवर बोलणं व्हावं, अशी विनंती करायला डिग्री लागत नाही.

हे सगळं एका कागदावर लिहा. वर बाबांचं नाव आणि वय. खाली जुने आजार, घरची सगळी औषधं त्यांच्या वेळांसह, कशाची ॲलर्जी आहे का, ऐकण्याचं मशीन, घरी असताना स्वतः चालत होते की आधाराने, जेवताना ठसका लागायचा का, भाषा कोणती, हाक कोणत्या नावाने मारलेली कळते. एक प्रत डॉक्टरांना द्या, एक फाइलला लावायला सांगा. नोकरीची हयात रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात गेली माझी. असा कागद घेऊन आलेल्या नातेवाइकावर चिडलेला डॉक्टर मी पाहिलेला नाही. घाईत असलेला पाहिलाय, कागद खिशात कोंबून नंतर वाचणारा पाहिलाय.

आता तुमच्या भीतीबद्दल. प्रश्न विचारले म्हणून कोणी इंजेक्शन चुकीचं देईल, असं होत नाही. आईला तसं सांगा. पण खोटा दिलासाही देणार नाही. माणसंच आहेत ती, रात्रपाळीत एका सिस्टरकडे दोन-तीन गंभीर पेशंट असतात. ज्या बेडजवळ गेलं की नातेवाईक अंगावर येतात, तिथे लोक कामापुरतं जातात आणि लगेच निघतात. ज्या बेडच्या नातेवाइकाशी दोन शब्द बरे बोलणं होतं, तिथे एखादी सिस्टर जाता जाता सांगते, "ताई, आज लघवी चांगली झाली हं." ही माहिती कोणत्याही राउंडला मिळत नाही. सिस्टरांचं नाव विचारून घ्या, आणि नावाने हाक मारा. मावशींनाही.

चुलतभावाला मात्र आजच थांबवा. प्रेमाने, पण नक्की थांबवा. रुग्णालयात जमाव नेऊन धमकावलं किंवा तोडफोड केली तर महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्यानंतर कोणीही डॉक्टर तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही. प्रत्येक वाक्य वकिलाच्या धाकाने येईल, आणि तुम्हाला तर खरं बोलणारा माणूस हवा आहे. चुलतभावाच्या अंगात एवढं बळ असेल तर त्याला रात्री खाली थांबायला सांगा. रक्ताच्या बाटलीसाठी रात्री दोनला धावायला माणूस लागतोच.

रोज वेगळे डॉक्टर भेटतात, ही तक्रार मला हजारदा ऐकू आली आहे आणि ती खरी असते. आयसीयूत पाळ्या असतात. आरएमओ, म्हणजे पाळीवर हजर असलेले निवासी डॉक्टर, वेगळे, आयसीयूचे तज्ज्ञ वेगळे, ज्यांच्या नावावर बाबा भरती आहेत ते कन्सल्टंट वेगळे, शिवाय छातीचे, किडनीचे, न्यूरोचे. प्रत्येक जण आपापल्या अवयवाचं सांगून जातो. तुम्हाला हवी आहेत ती दोन उत्तरं: एकूण जबाबदारी कोणाची, आणि ते रोज किती वाजता भेटतील. ती पहिल्याच भेटीत मागा. घरातूनही बोलायला एकच माणूस ठेवा, म्हणजे तुम्ही. आत्या सकाळी, मामा दुपारी, भाऊ व्हिडिओ कॉलवर, असं झालं की डॉक्टर प्रत्येकाला निरनिराळ्या शब्दांत तेच सांगतात आणि संध्याकाळी घरात त्यावरून भांडण पेटतं.

भेटायला जाताना साधी वही घ्या. तारीख टाका, ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव लिहा. "गूगलवर वाचलं" या शब्दांनी सुरुवात करू नका, समोरच्याचे कान तिथेच बंद होतात. विचारायचं असं: कालपेक्षा आज काय बदललं? आजची सगळ्यात मोठी काळजी कोणती? सुधारतंय हे तुम्ही कशावरून ठरवता? या तिसऱ्या प्रश्नाला आकडा मागा. उदाहरणार्थ, व्हेंटिलेटरमधून किती टक्के ऑक्सिजन लागतोय. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. परवा ६० लागत होता, आज ४५ वर आला, तर फुप्फुसं जरा सावरताहेत. बीपी टिकवायचं औषध चालू असेल तर त्याचा डोस वर चाललाय की खाली? असे दोन-तीन आकडे रोज लिहिले की "पेशंट स्टेबल आहे" या वाक्याला अर्थ येतो. नुसतं स्टेबल म्हणजे बरं होतंय असं नव्हे. वाईट आहे पण तसंच आहे, असाही त्याचा अर्थ होतो. पुष्कळ घरं या एका शब्दावर आठवडाभर खोट्या आशेत काढतात.

दहा मिनिटं आत सोडतात तेव्हा मॉनिटरकडे बघत बसू नका, तो बघायला माणसं आहेत. बाबांच्या बऱ्या कानाशी जाऊन वार सांगा, वेळ सांगा, कुठे आहेत ते सांगा, फलटणला पाऊस झाला का ते सांगा. दिवस-रात्रीचं भान गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला ओळखीचा आवाज खरंच उपयोगी पडतो. मग सिस्टरांना विचारा, "पाठ बघितली का? टाचा?" पडून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, आणि पार्किन्सनमुळे ताठ झालेल्या शरीराला बेडसोर पटकन होतात. एकदा ती जखम झाली की घरी नेल्यावरही महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही.

आणि एखाद्या संध्याकाळी तुम्हाला वाटलं की काहीतरी बिनसलंय, बाबा काल असे नव्हते, तर आकड्यांची वाट बघू नका. आधी सिस्टर, मग आरएमओ, मग ज्यांच्या नावावर पेशंट आहे ते कन्सल्टंट, त्यांनीही लक्ष दिलं नाही तर वैद्यकीय अधीक्षक. या क्रमाने वर जा, पायऱ्या गाळू नका. बोलताना "बाबांमध्ये बदल झालाय, आत्ता कोणीतरी येऊन तपासावं" असं स्पष्ट म्हणा. इंग्लंडमध्ये एका तेरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर २०२४ पासून 'मार्थाज रूल' लागू करायला सुरुवात झाली. आईवडिलांनी सांगूनही तिची बिघडत चाललेली तब्येत वेळेत गांभीर्याने घेतली गेली नव्हती. आता तिथल्या अनेक रुग्णालयांत नातेवाईक थेट दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावू शकतात. आपल्याकडे अशी सोय नाही, पण वही आहे. "सायंकाळी ७.१० ला अमुक डॉक्टरांना सांगितलं", एवढी नोंद तुम्ही करताय हे दिसलं की हालचाल होते.

हक्काचं थोडक्यात सांगते, कारण हक्क ठाऊक असावेत, रोज बोलून दाखवायची गरज नसते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले, त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दिसतील असे लावावे लागतात. रिसेप्शनच्या भिंतीवर बघा, बहुतेकदा कुंडीच्या मागे असते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा हक्क आहे. त्यासाठी केस पेपर आणि रिपोर्टच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. पोच घ्यायला विसरू नका.

आता त्या सहीबद्दल. त्या कागदाने तुमची झोप उडवली आहे, हे पत्रावरून दिसतंय.

गळ्यातून नळी टाकणं, ज्याला तिथे सगळे 'ट्रॅकी' म्हणतात, हे ऐकायला भयंकर वाटतं. मुळात ते शेवटचं पाऊल नव्हे. तोंडातली नळी आठ-दहा दिवसांहून जास्त ठेवावी लागेल असं दिसलं की डॉक्टर त्याचा विचार करतात. तोंड मोकळं होतं, नळी सोसायला लागणारं झोपेचं औषध कमी करता येतं, कफ काढणं सोपं जातं. बरं झाल्यावर नळी काढतात, भोक सहसा आपोआप भरतं. सुरुवातीला बोलता येत नाही, हे आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती धास्तावेल.

पण तुमचा खरा प्रश्न नळीचा नाहीच. बाबा म्हणायचे "मला नळ्या लावून ठेवू नका", त्याचं काय करायचं, हा आहे. ते वाक्य डॉक्टरांना सांगा. शब्दशः सांगा, कधी म्हणाले, कशावरून म्हणाले तेही सांगा. एखाद्या नातेवाइकाला वर्षभर अंथरुणाला खिळलेलं पाहून म्हणाले असतील तर त्याचा अर्थ वेगळा, आणि चार दिवसांच्या सलाइनला कंटाळून म्हणाले असतील तर वेगळा. "ठेवू नका" या शब्दांवर अडा. बरं व्हायला मदत म्हणून नळी आणि नुसतं ठेवायला नळी, यांत बाबांनी कदाचित फरक केला असता. तो फरक डॉक्टरांना विचारायचा असा: "ही नळी टाकून बाबा कुठवर येतील असं तुम्हाला वाटतं? घरी ओट्यावर बसतील इथवर, की मशीनवरच राहतील? तुमच्या वडिलांचं असतं तर काय केलं असतं?" शेवटचा प्रश्न काही डॉक्टरांना आवडत नाही. तरी विचारा.

मधला मार्गही असतो. ऐकण्याचं मशीन दिलंय, पार्किन्सनची गोळी वेळेवर चालू आहे, आता पाच-सात दिवस सगळे उपचार पूर्ण ताकदीने करू, आणि अमुक तारखेला पुन्हा बसून ठरवू. कशावरून ठरवायचं तेही आधीच बोलून घ्या. ट्रॅकी दोन-तीन दिवस थांबली तर चालेल का, हेही विचारा. सहसा ही ठरवून करायची गोष्ट असते. जीव वाचवायची घाई असेल तर ते तसं स्पष्ट सांगतील आणि मग थांबू नका. कागद मराठीत मागा, नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही नको. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की संमती समजून दिलेली असली पाहिजे, आणि जिवावर बेतलेलं नसेल तर एका गोष्टीसाठी घेतलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही.

बाबांनी काही लिहून ठेवलेलं नाही, असं धरून चालते. लिहिलं नसलं तरी, पुढे कधी सगळे डॉक्टर म्हणाले की आता सुधारणेची आशा नाही, तर कृत्रिम उपचार थांबवायचा कायदेशीर रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने खुला केला आणि २०२३ मध्ये बराच सोपा केला. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञांचं मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, आणि कुटुंबाची संमती, अशी ती पद्धत आहे. आज ती वेळ आलेली आहे, असं तुमच्या पत्रावरून मुळीच दिसत नाही. पण "सल्ल्याविरुद्ध घरी नेतो" अशी सही करून रात्री रुग्णवाहिकेत घालून न्यायची पाळी कोणावर येऊ नये, म्हणून सांगून ठेवलं. त्याआधी उपशामक उपचारांच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटता येतं. ते वेदना आणि धाप कमी करायचं काम इतर उपचारांच्या जोडीनेही करतात.

पैसे. रोज संध्याकाळी बिलाचा चालू आकडा मागा आणि पुढच्या पाच दिवसांचं अंदाजपत्रक लेखी घ्या. विमा संपायची वाट न बघता आजच रुग्णालयाच्या समाजसेवकांना भेटा. दोन गोष्टी विचारा. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का? असेल तर तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. योजना आता रेशनकार्डाच्या रंगावर अवलंबून नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरावीक आजार आणि उपचारच त्यात बसतात. हेल्पलाइन १५५३८८. आणि रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का? असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. एसटीच्या कंडक्टरची पेन्शन किती असते ते मला माहीत आहे, त्यामुळे हा अर्ज संकोच न करता करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला फलटणहून मागवायला चुलतभावाला उद्याच पाठवा. गाडी आहे, ओळखी आहेत, त्या इथे कामी येतील.

राहिला भाऊ. तो लांबून चिडतो कारण त्याला हाताने करण्यासारखं काही नाही. त्याला कामं द्या. विमा त्याच्या कंपनीचा, म्हणजे टीपीएशी (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेशी) बोलणं त्याचं. विमा प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमाने कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. त्याला उशीर झाला की मेल लिहायचं काम जर्मनीतूनही होतं. रिपोर्ट स्कॅन करून त्याला पाठवा आणि दुसऱ्या मतासाठी डॉक्टर त्यालाच शोधू द्या. त्याचे प्रश्न त्याने दुपारपर्यंत लिहून पाठवायचे, जास्तीत जास्त तीन. त्यातले कोणते विचारायचे ते तुम्ही ठरवायचं, कारण दारात उभ्या तुम्ही असता. रात्री तुमची वही वाचून दाखवा, एकदाच, आणि फोन ठेवा. आठवड्यातून एकदा डॉक्टरांच्या परवानगीने त्याला स्पीकरवर घ्या. आणि पुढच्या पंधरवड्यात येणार असेल तर तिकीट आत्ताच काढायला सांगा. ट्रॅकी झाली तर बाबांना घरी आणल्यावर नळी साफ करायला, रात्री जागायला आणखी दोन हात लागतील. ते काम सिस्टरांकडून आयसीयूतच शिकून घेता येतं, तुम्ही आणि तो, दोघांनी.